सिग्नल कापल्यावर स्टे कुठे मागायचा? चोपड्याच्या केबलवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. चोपडा तालुक्यात तुमची साधारण ६४० कनेक्शनं आहेत. ज्या एमएसओकडून (मल्टी-सिस्टिम ऑपरेटर, म्हणजे केबलवाल्यांना वरून सिग्नल पुरवणारी कंपनी) तुम्ही सिग्नल घेता, त्याने अकरा दिवसांपूर्वी तुमचं पोर्टलचं लॉगिन बंद केलं आणि त्याच रात्री सगळे बॉक्स निष्क्रिय झाले. त्याच्या म्हणण्याने ३ लाख ८० हजार थकले आहेत, तुमच्या म्हणण्याने फार तर १ लाख १० हजार. मधल्या काळात तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जायची भाषा केली होती. नोटीस म्हणाल तर व्हॉट्सॲपवर आलेली एक पीडीएफ, तीही पाच दिवसांची. २०१९ साली करारावर सही केली, पण प्रत तुमच्याकडे नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली आहे, लोक रोज दारात येऊन विचारतात. ओळखीचे वकील चोपड्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून स्टे आणतो म्हणतात, एक जण ग्राहक कोर्टात जा म्हणतो, तिसरा कलेक्टरकडे. तुम्ही विचारलंय, कुठे जाऊ आणि किती दिवसांत सिग्नल येईल?

माझ्याकडे अशी माणसं येतात ती बहुतेक एकच वाक्य घेऊन येतात, "सिग्नल बंद करी दिन्हा, भाऊ, आते स्टे लई द्या." पण तुमचा खरा प्रश्न स्टेचा नाही. प्रश्न दोन आहेत. कापणं नियमाला धरून होतं का, आणि तुमच्याकडे निघणारी रक्कम नेमकी किती? पहिल्याचं उत्तर तुमच्या बाजूने दिसतंय. दुसऱ्याचं तुम्हालाही ठाऊक नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, आणि सिग्नल किती दिवसांत येईल हे त्याच्यावरच ठरणार आहे.

जागेचं आधी सांगून टाकतो. चोपड्यात दावा लावू नका. जळगावातही नाही. तुमचं प्रकरण दिल्लीच्या टीडीसॅटचं आहे, म्हणजे दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाचं. १९९७ च्या ट्राय कायद्यात, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कायद्यात, कलम १४ आहे. दोन सेवा पुरवठादारांमधला वाद, तसंच सेवा पुरवठादार आणि ग्राहकांचा गट यांच्यातला वाद या न्यायाधिकरणाने सोडवायचा, असं ते कलम सांगतं. केबल आणि प्रसारण सेवा जानेवारी २००४ च्या अधिसूचनेने या कायद्याखाली आल्या. एमएसओ सेवा पुरवठादार आणि तुम्हीही सेवा पुरवठादार. आपण गावातला साधा केबलवाला आहोत असं तुम्हाला वाटत असेल, कायद्याला तसं वाटत नाही. पुढचं कलम १५ म्हणतं की न्यायाधिकरणाला जो विषय ठरवता येतो, त्यात दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही. करारात "वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात" असं छापलेलं असलं तरी त्याने दिवाणी न्यायालयाला हा अधिकार मिळत नाही. नसलेला अधिकार दोघांच्या सहीने निर्माण होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. शिकलो ते तोंड पोळल्यावर. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत तापीकाठच्या एका गावचा केबलवाला माझ्याकडे आला. चारशेच्या आसपास जोडण्या, वरून सिग्नल तोडलेला. मी उत्साहाने तालुक्याच्या न्यायालयात दावा लावला, दुसऱ्याच दिवशी "जैसे थे"चा हुकूम मिळवला, अशिलाने पेढे वाटले. संध्याकाळी त्याचा फोन आला, "साहेब, टीव्ही तर अजून काळाच आहे." तेव्हा ट्यूब पेटली. हुकूम झाला तेव्हाची स्थिती म्हणजे बंद सिग्नल. आम्ही अंधारालाच संरक्षण मिळवलं होतं! तोडलेली गोष्ट पुन्हा जोडा, असा आदेशात्मक मनाई हुकूम मागायला हवा होता. तो अंतरिम टप्प्यावर मिळणं साध्या स्टेपेक्षा कितीतरी कठीण असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दोराब वॉर्डन प्रकरणात त्याच्या कसोट्या घालून दिल्या आहेत. नुसती प्रथमदर्शनी बाजू असून भागत नाही, ती भक्कम असावी लागते. पुढे प्रतिवादीने अधिकारक्षेत्राची हरकत घेतली. तेव्हा महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९-अ होतं, त्यामुळे तो मुद्दा आधी चालला. सात महिन्यांनी वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ कागद, परत मिळालं. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीतून वगळून मिळतो, मुदतीच्या कायद्याचं कलम १४ त्यासाठीच आहे. पण गिऱ्हाईक वगळून मिळत नाही. तोवर दीडशे घरांवर डिशच्या छत्र्या लागल्या होत्या.

कलम ९-अ २०१८ साली रद्द झालं, म्हणून आता कुणी म्हणेल की हरकत लगेच ऐकली जाणार नाही, तोवर निभावून नेऊ. तसं करू नका. समोरचा वकील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ खाली अर्ज देतो, वादपत्र परत तरी होतं किंवा फेटाळलं तरी जातं, आणि मधल्या काळात मिळालेला हुकूम वाळूवर उभा राहतो.

बाकीची दारं भराभर सांगतो, कारण तुम्हाला त्यांतलं एकही कामाचं नाही. ग्राहक आयोग एमएसओविरुद्ध तुमच्यासाठी नाही. तुम्ही सिग्नल पुढे विकायला घेता, तो व्यापारी हेतू झाला. कलेक्टर कचेरीत जायची सवय करमणूक कराच्या काळातली आहे. तेव्हा दर महिन्याला जोडण्यांचा आकडा तिथे द्यावा लागे, तहसीलदाराचा माणूस तपासणीला येई. २०१७ साली जीएसटी आला आणि तो कर त्यात गेला. १९९५ च्या केबल कायद्यात जिल्हाधिकारी आणि प्रांत आजही प्राधिकृत अधिकारी आहेत, पण ते विनानोंदणी चालणारं केबल, कार्यक्रम संहितेचा भंग असल्या गोष्टींसाठी. तुमच्या हिशोबाचा वाद ते सोडवू शकत नाहीत. ट्रायला पत्र लिहा, हरकत नाही, पण ट्राय नियम करते, वैयक्तिक वादाचे निकाल देत नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट करावी असं कुणी सुचवेल. खाजगी कंपनीविरुद्ध, तेही दुसरा उपाय कायद्याने दिलेला असताना, तिथे पहिलाच प्रश्न येईल की इथे का आलात. हाच वाद महावितरणने खांबावरून वायरी उतरवल्याचा किंवा नगरपरिषदेने रस्ता ओलांडायला मनाई केल्याचा असता, तर खंडपीठाचं दार खरोखर विचारात घेतलं असतं.

पोलीस ठाण्याबद्दल एक फरक लक्षात घ्या. कंट्रोल रूममधून बटण दाबून बंद केलेला सिग्नल हा गुन्हा नाही, तो करारातला वाद आहे. पण कुणी रात्री येऊन तुमचं फायबर कापलं, नोड (फायबरचा सिग्नल गल्लीत वाटणारा डबा) फोडला, ॲम्प्लिफायर काढून नेला, तर ती सरळ फिर्याद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये आगळीक, म्हणजे मुद्दाम केलेलं नुकसान, येते आणि नुकसान किती यावर शिक्षा ठरते. २० हजार ते १ लाखापर्यंत दोन वर्षं, १ लाख किंवा त्यावर पाच वर्षं. म्हणून फिर्याद देताना वायरचे मीटर, नोडची किंमत, बिलं जोडायची. "वायर कापली" एवढंच सांगाल तर ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून परत पाठवतील. कापणारा केबलच्या धंद्यातलाच नसेल, शेजारी किंवा सोसायटी असेल, तर तिथे दिवाणी न्यायालयही चालतं. धुळ्यात मी एका ऑपरेटरला असा मनाई हुकूम मिळवून दिला आहे, कारण घरमालक सेवा पुरवठादार नव्हता. कुणाविरुद्ध भांडतो यावर न्यायालय ठरतं, काय तुटलं यावर नाही.

आता नोटीस. ट्रायचे ३ मार्च २०१७ चे आंतरजोडणी विनियम आहेत. त्यांनुसार एका सेवा पुरवठादाराने दुसऱ्याचा सिग्नल बंद करायचा असेल तर किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, तीत कारण स्पष्ट लिहावं लागतं आणि ते तीन आठवडे नोटीस तुमच्या हातात पडल्यापासून मोजायचे. शिवाय प्रेक्षकांना पंधरा दिवस आधीपासून पडद्यावर पट्टी फिरवून तारीख कळवायची असते. तुम्हाला पाचच दिवस मिळाले. कारण म्हणून "थकबाकी" एवढा एक शब्द, आकड्याचा पत्ता नाही. पट्टी फिरल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, ग्राहकांना विचारून बघा. हा भाग तुमच्या बाजूने भक्कम आहे.

पण यावर फार विसंबू नका. सदोष नोटिशीने कापलेला सिग्नल जोडायला लावल्यावर समोरचा दुसऱ्याच दिवशी बावीस दिवसांची बिनचूक नोटीस पाठवू शकतो. मग तुम्ही तीन आठवडे जिंकलात, खटला नाही. अशी पाळी एका अशिलावर आली तेव्हा तो मला म्हणाला, "आपण जिंकलो ना?" काय सांगणार!

म्हणून हिशोबाकडे या. इथे जरा थांबतो, कारण तुमचं सगळं यातच आहे.

तुम्ही पोस्टपेड पद्धतीने चालता असं लिहिलंय. तुमच्या करारात जोडणीमागे नेटवर्क शुल्क १३० रुपये आणि वाटणी एमएसओ ५५, ऑपरेटर ४५ अशी असेल असं धरू. दोघांचं वाटणीवर जमलं नाही तर ट्रायच्या प्रमाणित करारात हेच प्रमाण आहे, आणि १ फेब्रुवारी २०१९ ला नवी दरपद्धत लागू झाली तेव्हा घाईघाईत सह्या झालेल्या बहुतेक करारांत मी हेच पाहिलं. मग एका चालू बॉक्समागे त्याचे ७१ रुपये ५० पैसे, तुमचे ५८ रुपये ५० पैसे. पैसे तुम्ही गोळा करता, म्हणून त्याच्या वाट्याचं बिल तुमच्यावर निघतं. ६४० बॉक्सचे महिन्याला ४५ हजार ७६० रुपये, कर आणि पे चॅनलचे पैसे वेगळे.

आता मला सांगा, तुमच्या कपाटात बंद पडलेले, परत आलेले, मयताच्या घरून आणलेले बॉक्स किती आहेत? आणि ते पोर्टलवर रीतसर बंद केले होते का? ऐंशी-नव्वद बॉक्स असे निघाले नाहीत असा ऑपरेटर मला अजून भेटलेला नाही. ९० बॉक्स पोर्टलवर "चालू" राहिले तर महिन्याला ६ हजार ४३५ रुपये फुकटचे चढतात. दोन वर्षांत १ लाख ५४ हजार ४४०. तुमच्या आणि त्याच्या आकड्यात २ लाख ७० हजारांची तफावत आहे. निम्म्याहून जास्त इथेच सापडेल असा माझा अंदाज. उरलेली तफावत बहुधा रोखीने दिलेल्या आणि पावती न घेतलेल्या पैशांत असेल. वसुलीला येणाऱ्या पोऱ्याला शंभर वेळा दिलेले पाच-पाच हजार, हे खानदेशातल्या केबल धंद्याचं जुनं दुखणं आहे.

हे काम वकिलाचं नाही, तुमचं आहे. दोन दिवस बसा. महिनेवार तक्ता करा. त्याच्या बिलाचा आकडा, तुमच्या मते चालू असलेले बॉक्स, बँकेतून दिलेले पैसे, रोखीने दिलेले, फरक. रोखीच्या रकमेपुढे पुरावा काय ते लिहा, पुरावा नसेल तर "पुरावा नाही" असंच लिहा. या तक्त्यातून एक आकडा निघेल, जो तुम्ही स्वतः मान्य करता. तो १ लाख १० हजार निघेल, कदाचित १ लाख ६० निघेल. जो निघेल तो मान्य करा आणि तेवढे पैसे हाताशी ठेवा.

पैसे हाताशी का? माझ्या अनुभवात टीडीसॅटचा अंतरिम आदेश सहसा फुकट मिळत नाही. न्यायाधिकरण दोन्हीकडचे आकडे बघतं आणि साधारण असं सांगतं: मान्य असलेली रक्कम किंवा वादातल्या रकमेचा काही भाग इतक्या दिवसांत भरा, भरल्यावर इतक्या दिवसांत सिग्नल सुरू करा, चालू महिन्याचं बिल वेळेवर देत राहा, बाकीच्या हिशोबाचा मेळ बसवा. किती भरायला लावतील हे सांगता येत नाही, कधी निम्मं, कधी मान्य तेवढंच. पण जो ऑपरेटर पहिल्याच तारखेला "एवढं मला मान्य आहे, आजच भरतो" म्हणतो, त्याचा सिग्नल लवकर येतो. "एक रुपयाही देणं नाही" म्हणणाऱ्याच्या खातेउताऱ्यात दोन ओळी जरी विरुद्ध निघाल्या, की त्याचं बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही. विनाभेदभाव सिग्नल द्यायचं बंधन एमएसओवर आहेच, पण थकबाकीदाराला त्या बंधनाची ढाल मिळत नाही. म्हणून आधी थकबाकीदाराच्या रांगेतून बाहेर पडायचं.

याचिकेआधी मान्य रक्कम बँकेतून पाठवता येते. सोबत पत्र द्या की ही रक्कम हक्क राखून, निषेधासह भरत आहोत, उरलेली अमान्य आहे, अठ्ठेचाळीस तासांत सिग्नल जोडा. माझी अर्धी प्रकरणं इथेच मिटतात, कारण एमएसओलाही तुमची ६४० घरं डिशकडे गेलेली परवडत नाहीत.

करार हा तुमचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. प्रत मिळत नसेल तर आजच ईमेलने मागा, मागितल्याची नोंद राहील. लेखी कराराशिवाय सिग्नल देता-घेता येत नाही, हा नियम दोघांनाही लागू आहे. २०१९ चा करार संपून गेला असेल आणि तुम्ही तसेच चालत आला असाल, तर समोरचा म्हणेल की मी कापलं नाही, करारच संपला. तसं असेल तर याचिकेतली मागणी बदलते. जुना सिग्नल जोडा एवढ्यावर न थांबता नवीन करार करून द्या असंही मागावं लागतं. म्हणून कागद बघितल्याशिवाय यावर मी पुढे बोलत नाही.

पुराव्याचं सांगतो. पूर्वी सिग्नल कापला म्हणजे खरोखर वायर कापलेली दिसायची. आता लॉगिन बंद होतं, कार्डं निष्क्रिय होतात आणि समोरचा न्यायाधिकरणात म्हणतो, "आम्ही काही बंद केलं नाही, याने पैसे भरले नाहीत म्हणून पॅक संपले." प्रीपेड वॉलेटवाल्यांच्या बाबतीत हा बचाव अगदीच सोपा आहे. तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. एक, सगळे बॉक्स एकाच रात्री गेले, पॅक काही एकाच रात्री संपत नाहीत. दोन, लॉगिनच बंद आहे, म्हणजे रिचार्ज करायचं म्हटलं तरी करता येत नाही. लॉगिन करतानाचा पडदा तारीख-वेळेसह रेकॉर्ड करा, नोडवर पॉवर मीटर लावून प्रकाश येतो की नाही त्याचं रीडिंग व्हिडिओत घ्या, वीस-पंचवीस घरांतल्या टीव्हीवर काय संदेश दिसतो त्याचे फोटो घ्या. मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तुमचा वकील ते करून देईल. व्हॉट्सॲपचं ते संभाषण पुसू नका आणि तो फोन विकू नका. हसू नका, दोन वर्षांपूर्वी एकाने मुलाला नवा फोन घ्यायला जुना बदल्यात दिला आणि सगळा खटला दुकानदाराच्या टोपलीत गेला.

रोज किती जण सोडून गेले त्याची वहीही ठेवा. नाव, गल्ली, तारीख, कुठे गेला: डीटीएच, फ्री डिश की नुसता मोबाइल. भरून न येणारं नुकसान म्हणतात ते याच वहीतून दिसतं. "मोठं नुकसान होत आहे" या वाक्याने कुणी हलत नाही, "अकरा दिवसांत ७३ घरं" याने हलतं. आकडा अर्थात तुमचा खरा असला पाहिजे.

दिल्ली लांब आहे, या धास्तीने माणसं चुकीच्या कोर्टात जातात. मीही पूर्वी भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस पकडून जायचो, एका तारखेला तीन दिवस. आता याचिका ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहता येतं. मी माझ्या ऑफिसातूनच युक्तिवाद केले आहेत, खाली भाजीवाला ओरडत असताना. कामकाज इंग्रजीत चालतं, मराठी कागद भाषांतरासह द्यावे लागतात. ट्राय कायद्याच्या कलम १७ नुसार तुम्ही स्वतः उभे राहू शकता, तुमचा सीएही राहू शकतो. हिशोबाच्या वादात हुशार सीए सोबत असणं मी चांगलं मानतो, पण अंतरिम अर्जाला मात्र हे काम केलेला वकील घ्या. चोपड्याच्या तुमच्या वकिलांना बाजूला सारू नका, कागद तेच नीट जमवतील. न्यायाधिकरणाचं मध्यस्थी केंद्र आहे. हिशोबाचा वाद असेल तर तिकडे पाठवा असं मी स्वतःहून म्हणतो.

किती दिवस? कागद आणि तक्ता तयार असेल तर याचिका आठवड्यात जाते. पहिल्या सुनावणीत समोरच्याला बोलावलं जातं, तातडी पटली तर त्याच सुमारास अंतरिम आदेशाचा विचार होतो. दोन ते चार आठवडे धरून चला. याहून लवकरची हमी देणारा भेटला तर त्याला वकीलपत्र देऊ नका. आखाजीला सिग्नल हवा असेल तर तो न्यायाधिकरणातून नाही, त्या निषेधासह भरलेल्या रकमेतून येण्याची शक्यता जास्त आहे. अंतरिम आदेशावर अपील नाही. अंतिम आदेशावर नव्वद दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. आदेश न पाळणाऱ्याला ट्राय कायद्याच्या कलम २० खाली दंड आहे, पहिल्यांदा १ लाखापर्यंत. आणि आदेशाची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखी होते, न्यायाधिकरण तो स्थानिक दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतं. म्हणजे ज्या कोर्टात दावा चालत नाही, तिथेच शेवटी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, चालू शकते. हे दोन्हीकडून लागू आहे, बरं का. उद्या त्याने वसुलीची याचिका जिंकली तर बेलीफ तुमच्या दारात येईल.

तुमच्या प्रश्नाखाली एका ताईंनी विचारलंय की आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, केबलवाल्याचं आणि कंपनीचं भांडण, आमचा काय दोष? ताई, तुमचं दार वेगळं आहे. एकट्या ग्राहकाची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते, हे ट्राय कायद्याच्या कलम १४ मध्येच लिहून ठेवलं आहे. "दूरसंचार आहे, इथे चालणार नाही" ही हरकत कुणी घेतली तर मोबाइल सेवेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती फेटाळली आहे, हे सांगा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, पावती जपा, आणि ऑपरेटर आणि एमएसओ दोघांनाही सामील करा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. गल्लीतल्या शंभर घरांनी मिळून जायचं ठरवलं तर ग्राहकांचा गट म्हणून टीडीसॅटही खुलं आहे, पण एवढ्या रकमेसाठी मी जिल्हा आयोगच सुचवेन.

भाऊ, शेवटी तुम्ही हळूच विचारलंय ते. आज रात्री दुसऱ्या कंपनीचं फायबर जोडून घेतलं तर चालेल का? कंपनी बदलायचा हक्क तुम्हाला आहे. पण जुने बॉक्स त्या कंपनीचे असतील तर प्रत्येक बॉक्सची किंमत लावून तुमच्यावर वसुलीची याचिका येते, आणि अशा याचिका भरपूर येतात. बॉक्स परत केले त्याची क्रमांकवार यादी आणि समोरच्याची सही हातात नसेल तर ६४० बॉक्सचा हिशोब तुमच्या माथी बसेल. नवी कंपनीही आधीची थकबाकी नसल्याचा कागद मागेल. शिवाय तुम्ही दुसरीकडे गेलात की जुन्या कंपनीविरुद्ध सिग्नल जोडा ही मागणी आपोआप संपते, उरतो फक्त नुकसानभरपाईचा मुद्दा. म्हणून आधी ठरवा की परत त्याच्याकडे जायचं आहे की निघायचं आहे. निघायचंच असेल तर उद्या सकाळपासून बॉक्सचे क्रमांक लिहायला बसा, कपाटातल्या नव्वदांपासून.